रक्त, रीत आणि राहते घर

अमेरिकेच्या मोठ्या शहरांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांचे आरोग्य गोऱ्या मुलांच्या मानाने खालावलेले आढळते. हे निरीक्षण शंभराहून अधिक वर्षे जुने आहे. वाद आहे तो कारणाचा, आणि हे कारण काळागणिक बदलत आले. 1896 मध्ये प्रुडेन्शियल विमा कंपनीचे संख्याशास्त्रज्ञ फ्रेडरिक हॉफमन यांनी कृष्णवर्णीयांतील मोठ्या मृत्युदराचे खापर थेट त्यांच्या वंशावर फोडले. कंपनीला हा निष्कर्ष सोयीचाच होता, कारण कृष्णवर्णीय विमेदारांना कमी रक्कम देण्याचे धोरण तिने 1881 पासूनच राबवले होते. 1899 मध्ये डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांचा ‘द फिलाडेल्फिया नीग्रो’ हा ग्रंथ आला. फिलाडेल्फियाच्या सातव्या वॉर्डात दारोदार फिरून त्यांनी माणसे, खोल्या, भाडे, मिळकत यांची नोंद केली होती. आजारपण आणि मृत्यू यांचा संबंध त्यांनी या राहणीशी जोडला. त्यांचे म्हणणे वैद्यकाच्या गळी उतरायला मात्र कित्येक दशके जावी लागली.

‘रक्तातच दोष आहे’ असे उघड म्हणणे अवघड होत गेले, तशी रक्ताची जागा रीतीने घेतली. शिशाच्या विषबाधेचा इतिहास याचा सर्वांत बोलका दाखला आहे. जुन्या भाड्याच्या घरांच्या भिंती व खिडक्यांना शिसेयुक्त रंगाचे थरावर थर दिलेले असत. डागडुजी न झाल्याने त्यांचे पोपडे सुटत आणि लहान मुले ते तोंडात घालत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घराच्या आतील रंगकामात पांढऱ्या शिशाच्या वापरावर निर्बंध घालणारा करार 1921 मध्येच केला होता. बाल्टिमोरने 1951 मध्ये घरातल्या रंगापुरती बंदी आणली, पण देशभर घरगुती रंगातून शिसे हटायला 1978 उजाडले. मधल्या काळात दोष पालकांच्या पदरात टाकण्यात आला. अखाद्य वस्तू खाण्याच्या खोडीचा संबंध दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या माती खाण्याच्या चालीशी लावला गेला. शिसे उद्योगाच्या संघटनेचे अधिकारी तर 1950 च्या दशकात आपल्या पत्रव्यवहारात झोपडवस्तीतल्या कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन आईबापांच्या अडाणीपणावर बोट ठेवत होते.

हा तर्क अखेर खिडकीपाशी येऊन लटका पडला. खिडकी वरखाली करताना चौकटीवरचा रंग घासला जातो आणि त्याची बारीक धूळ जमिनीवर बसते. रांगणाऱ्या बाळाचे हात त्या धुळीने माखतात आणि हात तोंडात घालणे हा तर जगातल्या प्रत्येक बाळाचा उद्योग. विष पोटात जायला पोपडा खाण्याची गरजच नव्हती. 1979 मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजले आणि ते जास्त असलेल्या मुलांचा बुद्ध्यंक कमी असल्याचे दाखवून दिले. ज्या चेल्सी व सॉमरव्हिल गावांत हा अभ्यास झाला, तिथली वस्ती तेव्हा बहुतांशी गोरी होती. म्हणजे चालीरीतींचे निमित्तही उरले नाही. वस्त्यांनी मात्र शास्त्रज्ञांची वाट पाहिली नव्हती. ‘यंग लॉर्ड्स’ या पोर्तो रिकन तरुणांच्या संघटनेने 1969 मध्येच ईस्ट हार्लेममध्ये घरोघर जाऊन शिशाच्या तपासणीसाठी मुलांच्या लघवीचे नमुने गोळा केले होते. 1960 च्या दशकात एक डेसिलिटर रक्तात 60 मायक्रोग्रॅम शिसे आढळल्यावर डॉक्टर सावध होत, तर 2021 पासून हा आकडा 3.5 वर आला आहे.

संस्कृतीचा विचार सद्भावनेनेही झाला. 1978 मध्ये आर्थर क्लाइनमन आणि सहकाऱ्यांनी सुचवले की रुग्णाला त्याच्या आजाराचे नाव, त्याच्या मते असलेले कारण आणि सर्वांत मोठी भीती डॉक्टरने विचारावी. 1989 मध्ये टेरी क्रॉस आणि सहकाऱ्यांनी गंभीर भावनिक समस्या असलेल्या अल्पसंख्याक मुलांसाठी ‘सांस्कृतिक सक्षमते’ची चौकट मांडली. पण प्रशिक्षणात अशा कल्पनांचे लवकरच ठोकताळे बनतात. मेलनी टर्वलॉन आणि जॅन मरे-गार्सिया यांनी ओकलंडच्या बालरुग्णालयातील प्रशिक्षणाच्या अनुभवावर 1998 मध्ये लेख लिहिला. त्यात शस्त्रक्रियेनंतर कण्हणाऱ्या एका लॅटिना बाईचा प्रसंग आहे. तिला फार दुखत असावे, असे डॉक्टर सुचवतो आणि परिचारिका ते झटकून टाकते. ही माणसे दुखणे वाढवून सांगतात, असे ती अभ्यासक्रमात शिकलेली असते. ‘सांस्कृतिक विनम्रता’ ही लेखिकांची कल्पना याच लेखात मांडलेली आहे. तिचा रोख रुग्णाच्या चालीरीतींपेक्षा डॉक्टरच्या गृहीतकांवर होता आणि हाच तिचा खरा वेगळेपणा. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, अपेंडिक्सच्या तीव्र वेदना असलेल्या कृष्णवर्णीय मुलांना ओपिऑइड वेदनाशामक मिळण्याची शक्यता गोऱ्या मुलांपेक्षा खूपच कमी असल्याचे दिसले. ओकलंडचा इशारा मुलांच्या बाबतीतही किती खरा होता, हे त्यातून कळते.

राहत्या घराचा धागा बॉस्टनमध्ये पुढे गेला. बॅरी झुकरमन यांनी 1993 मध्ये बालरोग विभागात वकील नेमण्याची प्रथा सुरू केली, कारण भिंतीला बुरशी असेल तर दम्याचा पंप कितीही वेळा लिहून दिला तरी मूल परत परत दाखल होते. घरमालकाला गेलेले कायदेशीर पत्र इथे औषधाच्या चिठ्ठीइतकेच उपयोगी पडते.

वंशवाद हाच मुलांच्या आरोग्याला घातक असल्याचे निवेदन अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञ संघटनेने 2019 मध्ये काढले. याच संघटनेच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र जुने ‘रक्त’ आकड्यांच्या रूपाने शिल्लक होते. तापाने आजारी बाळाला मूत्रमार्गाचा संसर्ग झाला असण्याची शक्यता ठरवताना मूल कृष्णवर्णीय असेल तर ती कमी धरली जाई, म्हणजे लघवीची तपासणी टळण्याचा संभव वाढे. या सूचना 2021 मध्ये मागे घेण्यात आल्या. पिट्सबर्गच्या संशोधकांनी आपल्या अशाच एका गणनयंत्रातून वंशाचा रकाना काढला. त्या जागी त्यांनी पूर्वी झालेला संसर्ग आणि तापाचे दिवस हे दोन रकाने घातले. अंदाजाची अचूकता कमी झाली नाही.