वाकळीचं कापड

गेल्या हिवाळ्यात मी वाकळ शिवली. दिवाळीचे आकाशकंदील उतरले तेव्हा बसलो आणि रथसप्तमीच्या सुमाराला शेवटची गाठ मारली. पुण्या-नाशकाकडे जिला गोधडी म्हणतात, तिला आमच्या कोल्हापूर भागात वाकळ म्हणतात. पलीकडे बेळगाव-धारवाडला तीच कौदी होते. खरं तर वाकळ शिवायचे दिवस उन्हाळ्याचे. सुगी आटोपलेली असते, दुपारी सोप्यात सावली असते आणि मिरगाच्या आत पांघरूण तयार व्हावं लागतं. मी हिवाळ्यात बसलो, कारण निवृत्तीनंतरचा तो पहिला मोकळा हिवाळा होता. त्याचा एक फायदा झाला. शिवलेला भाग मांडीवर येत जातो आणि शिवणाऱ्यालाच ऊब देत राहतो.

हाताला सवय नव्हती म्हणून मी मोजत गेलो. लांबी सहा फूट, रुंदी साडेचार फूट. धावदोऱ्याच्या दोन ओळींत इंचभर अंतर. वाकळ बाहेरून आत चौकोनात चौकोन अशी शिवत जातात. ते सगळे चौकोन उलगडून एका रेषेत ठेवले तर 324 फूट भरतात. इंचाला दोन टाके धरले तर 7,776 टाके. खाडे सोडले तर रोज रात्री जेवणानंतर दीड तास, असे साठ दिवस, म्हणजे 90 तास. माझ्या आईने आयुष्यात किती वाकळी शिवल्या हे घरात कुणालाच सांगता येत नाही. तिने मोजल्या नाहीत आणि आम्हालाही कधी मोजाव्याशा वाटल्या नाहीत.

शिवायला शिकवलं माझ्या आक्काने, म्हणजे थोरल्या बहिणीने. ती सत्तरीला आली आहे. पहिल्या दिवशी तिने कापड मागितलं. मी ट्रंकेतली आईची चार लुगडी आणि वडिलांची दोन धोतरं काढली. शिवाय आमच्या घरातले गेल्या तीस-चाळीस वर्षांतले जुने कपडे, साड्या, शर्ट, पडदे, चादरी यांचा ढीग पुढ्यात घातला. मला वाटलं, एवढ्यात पाच वाकळी निघतील. आक्काने चष्मा लावला नाही. एकेक कापड उचलून अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळलं आणि डावीकडे किंवा उजवीकडे टाकलं. पाव तासात दोन ढीग झाले. उजवीकडे लुगडी, धोतरं, दोन सुती साड्या, एक जुनी चादर आणि नातवाची लंगोटाची फडकी. बाकी सगळं डावीकडे.

"ह्यो ढीग बोहारणीला दे. वाकळंला चालत न्हाई," ती म्हणाली.

तिने बोटांनी जे ओळखलं, ते मला उमगायला हवं होतं. मी एका सूतगिरणीत तीस वर्षं काढली आहेत. डावीकडचा सगळा ढीग पॉलिएस्टरचा किंवा पॉलिएस्टर मिसळलेला होता. तरीही माझा हट्ट म्हणून आम्ही एक फूलदार साडी अस्तरात घालून पाहिली. धोतराच्या घडीवर ती ठरेचना. चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन विटा ठेवल्या तरी मधून सरकायची. फाडायला गेलो तर सरळ फाटेना. कात्रीने कापली तर कडेचे दोरे सुटत राहिले. शेवटी ती साडी काढून टाकली. आईचं लुगडं मात्र काठाजवळ जरा दाताने चिरलं आणि ओढलं की टर्रकन सरळ रेषेत फाटायचं आणि धोतरावर टाकलं की तिथेच बसायचं, जणू ओल्या भिंतीवर कागद चिकटवावा.

यामागे जादू नाही. नव्या सुती कापडात कांजी असते, वीण घट्ट असते. शेकडो वेळा धुतल्यावर कांजी जाते, धाग्यांचे बारीक तंतू वर येतात आणि कापडाला एक लव सुटते. एका थराची लव दुसऱ्या थरात गुंतते आणि मधे हवा अडकते. वाकळीची ऊब त्या हवेची असते. कापूस घामही पितो. सर्वसाधारण हवेत तो स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून ठेवतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. पॉलिएस्टरचा तंतू गुळगुळीत असतो. तो वर्षानुवर्षं झिजत नाही, म्हणून मऊही होत नाही. विटतो, भोकं पडतात, पण जुना होत नाही. वाकळीला जुनं झालेलं कापड लागतं.

माझं म्हणणं इथून सुरू होतं. गोधडीवर मराठीत पुष्कळ लिहिलं जातं. त्यात आईची माया असते, आजीच्या लुगड्याचा वास असतो आणि शेवटी एक हळहळ असते, की हल्लीच्या बायकांना वेळ नाही, हौस नाही, म्हणून गोधडी संपली. हा आरोप मला मान्य नाही. गोधडी संपली ती बायांच्या आळसाने नव्हे, घरात येणारं कापड बदललं म्हणून. जिचा कच्चा मालच थांबला, ती कला हौसेवर किती दिवस जगणार?

कापड एका दिवसात बदललं नाही. आधी टेरिलीन आलं, मग टेरिकॉट. टेरिकॉटची पँट म्हणजे लग्नाचा आहेर होता. त्याच काळात स्टीलची भांडी आली. बोहारीण दारात बसून जुन्या कपड्यांवर डबा, पातेलं देऊ लागली आणि वाकळीच्या वाटेवरचं कापड ताटवाट्या होऊन मांडणीवर गेलं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यानंतर गिरणगाव पूर्वीसारखं उभं राहिलं नाही. ज्या गिरण्यांतून धोतरं आणि साड्या गावोगाव जात होत्या, त्यांतल्या बहुतेकांची आज नावंच उरली आहेत. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने कृत्रिम धाग्यांना मोकळी वाट करून दिली. सुरतेची साडी आठवडी बाजारात पोचली आणि सुती लुगड्यापेक्षा स्वस्त पडू लागली.

या साडीला मी नावं ठेवणार नाही. शेतात राबणाऱ्या बाईला नऊवारी ओलं लुगडं म्हणजे काय ओझं असतं, हे मी आईला नदीवरून येताना पाहिलं आहे. नवी साडी झटकली की वाळते, तिला इस्त्री लागत नाही, चार वर्षं रंग धरते. ज्या बाईला पहाटे उठून पाणी भरायचं आहे, तिने ती घेतली हे शहाणपणाचंच केलं. मात्र ती साडी घेताना एक गोष्ट हातची गेली आणि ती गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं नाही. कापडाचा दुसरा जन्म गेला. लुगडं विरलं की त्याचं धडोतं, धडोत्याची वाकळ किंवा बाळाचं दुपटं, वाकळ फाटली की तीच पोटात घालून नवी वाकळ, आणि अगदी शेवटी चुलीजवळचं फडकं. 'तू गोधडीत होतास तेव्हापासून ओळखतो' असं आपण म्हणतो, कारण माणसाचं पहिलं वस्त्रही जुनंच असायचं. नवं कापड तान्ह्याच्या अंगाला टोचतं.

लहानपणी पितृपंधरवडा सरत आला की गावातल्या सगळ्या वाकळी पंचगंगेवर निघायच्या. घट बसायच्या आत घरातलं एकही अंथरूण न धुतलेलं राहू नये, अशी रीत होती. भिजलेली वाकळ एका माणसाला उचलत नाही. दोघं दोन टोकांना धरून पिळायचे आणि घाटाच्या पायऱ्या रंगांनी भरून जायच्या. आता पांघरूण म्हणजे पॉलिएस्टरचं ब्लँकेट. त्यातलं पुष्कळसं पानिपतहून येतं. ते पानिपत एकेकाळी परदेशातून आलेले जुने लोकरी कपडे पिंजून त्यांची ब्लँकेटं करण्यासाठी नावाजलेलं होतं. तिथेही आता जुन्या लोकरीची जागा पॉलिएस्टरने घेतली. हे ब्लँकेट हलकं असतं, स्वस्त असतं. तीन-चार हिवाळ्यांनी त्याच्या गाठी होतात आणि मग ते कशाचंच होत नाही.

कृष्णाचं बोट कापलं ती गोष्ट मराठी घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बोट बांधायला सुभद्रेच्या घरात चिंधी सापडत नाही, सगळे शालू आणि पैठण्या. द्रौपदी मात्र अंगावरचा भरजरी पदर फाडून देते. ही गोष्ट आपण द्रौपदीच्या प्रेमासाठी सांगतो. मला आता त्यातलं सुभद्रेचं घर दिसतं, म्हणजे आपलं. तुडुंब भरलेली कपाटं आणि जखम बांधायला सुताची एक चिंधी नाही.

चिंधीला या भूमीत मान नव्हता असं नाही. बौद्ध भिक्खूंचं चीवर तुकडे जोडून शिवायचं असतं. मगधातली बांधाबांधांची भातशेती दाखवून बुद्धाने आनंदाला तसं चीवर करायला सांगितलं, असं विनयपिटकात आहे. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्याच असायच्या. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. चिंधी पांघरणाऱ्या पुरुषाच्या वैराग्याला आपण वंदन केलं, हे योग्यच झालं. ती चिंधी चिंधीला जोडणाऱ्या बाईच्या कामाला मात्र काम म्हणायचं राहून गेलं.

ते आजही राहिलं आहे. शहरातल्या प्रदर्शनांत 'आजीच्या मायेची गोधडी' विकायला असते. त्यातल्या काही मी हात लावून पाहिल्या. वर नवं कोरं छापील कापड मुद्दाम तुकडे करून जोडलेलं, आत पॉलिएस्टरचं भरण. धड कापड फाडून जुन्याचा देखावा करायचा, हे पाहून मला वाईट वाटलं. त्याहून वाईट वाटलं ते आक्काच्या ओळखीच्या एका बाईंनी सांगितलं तेव्हा. त्या एका विक्रेत्याला हाताने गोधड्या शिवून देतात. कापड त्याचं, शिलाई त्यांची, नगाला 500 रुपये. हात बसलेला आहे, तरी एका नगाला त्यांना सहा दिवस लागतात. 2024-25 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. त्या दराने सहा दिवसांचे 1,782 रुपये होतात. माझ्यासारख्या कच्च्या हाताचे 90 तास धरले तर सव्वातीन हजारांच्या वर. यावर मला सांगण्यात आलं, की त्या घरबसल्या मोकळ्या वेळात तर करतात. मोकळा वेळ! संध्याकाळच्या भाकरी झाल्यावर कंबर मोडलेली असताना, दिव्याच्या उजेडात सुईत दोरा ओवायला तीनदा प्रयत्न करावा लागतो, त्या वेळाला मोकळा वेळ म्हणतात. मायेचं नाव पुढे केलं की मजुरीचा प्रश्न विचारणाराच हलका ठरतो. म्हणून मायेबद्दल जरा कमी बोलावं आणि दिवस मोजावेत, असं मला वाटतं.

माझ्या वाकळीत सात थर आहेत. वर आईचं हिरवं लुगडं, खाली दुसरं तांबड्या काठाचं, मधे धोतरं, साड्या, फडकी. वजन सव्वादोन किलो भरलं. पहिल्या दहा ओळी वाकड्या आहेत. आक्काने त्या उसवू दिल्या नाहीत. "ऱ्हाऊ दे. पायाकडं घे," म्हणाली. अंगुस्ताना घालूनही मधल्या बोटाच्या पेराला घट्टा पडला, तो उन्हाळ्यापर्यंत होता.

हे वाचणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. बोहारणीपुढे किंवा कचऱ्यात जुनं कापड टाकण्याआधी त्याच्या कडेचा एक दोरा ओढून काडीने पेटवून पाहा. वितळून टोकाला काळा कडक मणी झाला तर ते जाऊ द्या. कागद जळल्यासारखा वास आला आणि बोटाने चुरडताच भुरभुरीत राख झाली तर ते सूत आहे. ते धुवून बाजूला ठेवा. वाकळीजोगं कापड साठायला चार-पाच वर्षं लागतील, लागू देत. आणि शिवून घ्यायची वेळ येईल तेव्हा शिवणाऱ्या बाईंना नगावर पैसे देऊ नका. किती दिवस लागले ते विचारा आणि तितक्या दिवसांची मजुरी त्यांच्या हातावर ठेवा.