मूठ की झेल?

काही कामं अशी असतात की ती नीट झाली तर काहीच घडत नाही. पूल पडत नाही. सर्व्हर बंद पडत नाही. बाळाला गोवर होत नाही. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही, त्यामुळे ती कुणी घडू दिली नाही हेही कुणी विचारत नाही. मग अशा कामात नवा आलेला माणूस स्वतःला सिद्ध कसं करणार? आणि सिद्ध करण्याच्या नादात कामच बिघडलं, तर दोष कुणाचा?

मला हा प्रश्न पडला फूटीच्या मैदानाच्या कडेला उभं राहून.

फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. मी मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो, आणि इथे हिवाळा म्हणजे फूटी. एमसीजी आपल्याला माहीत असतं ते बॉक्सिंग डे कसोटीमुळे. या शहराच्या लेखी मात्र ते आधी सप्टेंबरअखेरच्या ग्रँड फायनलचं मैदान आहे. नातं तसं जुनं आहे. १८५८ साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने वर्तमानपत्राला पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात क्रिकेटवाल्यांचं अंग जड होऊ नये म्हणून एक फुटबॉल क्लब काढावा. पुढच्या वर्षी नियम लिहिले गेले. आजही हा खेळ क्रिकेटच्याच अंडाकृती मैदानांवर होतो.

नियम थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. दोन्ही बाजूंना १८-१८ खेळाडू, लांबट चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. किक मारून मधल्या दोन खांबांतून चेंडू काढला तर गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या फटीतून गेला तर ‘बिहाइंड’, म्हणजे १ गुण. आणि कुणी किक मारलेला, किमान १५ मीटर अंतर कापून आलेला चेंडू मधे कुणाचा हात लागण्याआधी झेलला, तर त्याला म्हणतात ‘मार्क’. मार्क घेतलेल्याला पुढची किक निवांतपणे, अंगावर कुणी न येता मारता येते.

आता बचावपटूचा विचार करा. समोरून उंच चेंडू येतोय. शेजारी प्रतिस्पर्ध्याचा धिप्पाड फॉरवर्ड उडी मारायच्या तयारीत आहे. बचावपटूसमोर दोन रस्ते आहेत. एक, चेंडू स्वतः झेलायचा. जमलं तर मैदान गरजतं, धोका टळतो, चेंडू आपल्याकडे येतो. फसलं तर चेंडू फॉरवर्डच्या हातात आणि सहा गुण गेलेच म्हणून समजा. दुसरा, मूठ वळायची आणि चेंडूला ठोसा मारून लांब उडवायचा. याला ‘स्पॉइल’ म्हणतात, म्हणजे शब्दशः बिघडवणं. यात चेंडू कुणालाच मिळत नाही. टाळ्याही फारशा मिळत नाहीत. फक्त गोल होत नाही.

आकडेवारीत या ठोशांना एक खाना आहे. स्पॉइल, सहकाऱ्याची वाट मोकळी करणं, किकवर अंग झोकून ती अडवणं, हे सगळं त्या खान्यात जातं. खान्याचं नाव ‘वन पर्सेंटर’. एक टक्क्याची कामं. नाव प्रेमाने दिलेलं आहे, पण किंमतही त्यातच लिहिलेली आहे. पंचांच्या मतांवर दिलं जाणारं ब्राउनलो मेडल १९२४ पासून आहे आणि ते बहुतेक वेळा मधल्या फळीत चेंडूमागे धावणाऱ्यांना जातं. १९९३ साली ते गॅव्हिन वँगनीन या बचावपटूला मिळालं. ही गोष्ट लोक अजून सांगतात, कारण असं क्वचितच होतं.

आमच्या भागातल्या एका मैदानावर मी व्हीएफएलचे सामने बघायला जातो. व्हीएफएल म्हणजे एएफएलच्या खालची पायरी. एएफएलमधल्या अनेक क्लबांचे राखीव संघ तिथे खेळतात. एकेका क्लबच्या यादीत चाळीसच्या वर खेळाडू असतात, पण सीनियर सामन्यासाठी निवडले जातात २३. उरलेले खाली खेळतात आणि वाट बघतात. बहुतेक आठवड्यांत गुरुवारी संध्याकाळी संघ जाहीर होतो. ड्राफ्टमधून आलेल्या मुलाचा पहिला करार दोन-तीन वर्षांचा असतो. त्या दोन-तीन वर्षांत येणारे गुरुवार मोजले तर दिसायला पुष्कळ वाटतात, पण दुखापती, सुट्ट्या आणि फॉर्म वजा केले की भराभर संपतात.

दोन सीझन मी एका पोराकडे लक्ष ठेवून आहे. उंच, सडपातळ, अजून खांदे भरायचे आहेत. नाव लिहीत नाही, कारण त्याच्याबद्दल मी जे म्हणतोय ते त्याला विचारलेलं नाही. तो जवळजवळ प्रत्येक उंच चेंडूला ठोसा मारतो. गेल्या वर्षी माझी भाची शिकायला मेलबर्नला आली. एका शनिवारी तिला सोबत नेलं. दुसऱ्या क्वार्टरमध्ये चिप्स खाता खाता तिने विचारलं, “मामा, हा बॉल पकडत का नाही? सहज येत होता की हातात.”

मी तिला मघाची मूठ आणि झेल यांची गोष्ट समजावली. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पण वरच्या टीममध्ये जायचंय ना त्याला? मग कुणाला दिसणार हे? माझ्या पार्टटाइम जॉबवर मॅनेजर सारखी म्हणते, बी मोअर व्हिजिबल. मी गोंधळ होऊच देत नाही, तर म्हणते तू करतेस काय?”

तिला ताबडतोब उत्तर द्यायचा मोह झाला. आपल्याकडे ते तयारच असतं: फळाची अपेक्षा धरू नकोस. पण हे उत्तर एकवीस वर्षांच्या मुलाला देणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. त्याने घर सोडलंय. निवड झाली नाही तर करार संपेल आणि तेविसाव्या वर्षी तो ‘माजी खेळाडू’ असेल. त्याने निवडीची इच्छाच धरू नये असं म्हणणारा माणूस स्वतः पगार घेऊन घरी गेलेला असतो. इच्छा असणारच. प्रश्न एवढाच की चेंडू हवेत असताना त्या इच्छेने हाताला हुकूम द्यावा का.

इथे एक सोपी मांडणी टाळली पाहिजे: मूठ म्हणजे निःस्वार्थ, झेल म्हणजे स्वार्थी. खेळ असा नाही. आजचे संघ बचावातूनच हल्ला उभा करतात, आणि त्यासाठी प्रतिस्पर्ध्याचा चेंडू मधेच झेलणारा बचावपटू लागतो. जिलाँगचा टॉम स्टुअर्ट यात मातब्बर. तो २०१६ च्या ड्राफ्टमध्ये ४० व्या क्रमांकावर निवडला गेला तेव्हा २३ वर्षांचा होता. बहुतेक मुलं अठराव्या वर्षी निवडली जातात. त्याची चेंडू वाचण्याची नजर हीच संघाची मिळकत आहे. त्याने नम्रपणे सगळीकडे ठोसेच मारले असते तर संघाचं नुकसान झालं असतं. २००५ ची ग्रँड फायनल घ्या. सिडनी चार गुणांनी पुढे, शेवटचे काही सेकंद, वेस्ट कोस्टची उंच किक गोलच्या तोंडाशी, खाली माणसांचा गठ्ठा. अशा गर्दीत बचावपटूला शिकवलेलं असतं की मूठ मार. लिओ बॅरी बाजूने धावत आला, उडाला आणि त्याने चेंडू झेलला. सिडनी ५८–५४ ने जिंकली, तब्बल ७२ वर्षांनी. तो झेल चूक होता असं कोण म्हणेल?

आणि २००९ ची फायनल. गुण बरोबरीत, वेळ संपत आलेली. जिलाँगचा फुल-बॅक मॅथ्यू स्कार्लेट याने जमिनीवरच्या चेंडूला बुटाच्या टोकाने नुसतं ढकललं. चेंडू गॅरी अ‍ॅब्लेटकडे गेला, आणि तिथून सुरू झालेल्या हल्ल्यात पॉल चॅपमनचा गोल झाला. त्या टोकराला मार्कची शोभा नाही, ठोशाचीही नाही. त्या क्षणी जे हवं होतं तेवढंच त्याने केलं.

म्हणजे एकच कृती दोन वेगळ्या मनांतून येऊ शकते. झेल घेणारा चेंडू वाचून झेलतो किंवा निवड समितीला वाचून झेलतो. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात. मला वाटतं, कधीकधी खेळणाऱ्यालाही फरक कळत नसावा. मूठ मारणाराही स्वच्छ असतोच असं नाही. चूक अंगावर येईल या भीतीनेही मूठ वळते. नीतीचा प्रश्न कृतीच्या यादीत सापडत नाही तो यामुळे.

मग तो कुठे सापडतो? मला तो कॅमेऱ्यात सापडला. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो. चेंडू जिथे नाही तिथलं आपल्याला दिसत नाही. प्रशिक्षक मात्र आणखी एक चित्रण बघतात. ते गोलच्या मागून, उंचावरून घेतलेलं असतं. त्यात दोन्ही संघांची जागा दिसते: कोण आपला माणूस सोडून झेलायला धावला, त्याने सोडलेल्या जागेत कोण मोकळा राहिला, आणि चेंडू येण्याआधीच तीन पावलं सरकून कुणी ती जागा बंद केली. टीव्हीवर ज्या झेलाला वाहवा मिळते तोच झेल या चित्रणात कधी बेजबाबदार ठरतो. फसला नाही एवढंच नशीब. आणि ज्या पोराने पूर्ण क्वार्टरमध्ये चेंडूला हात लावला नाही, त्याचा क्वार्टर उत्तम ठरू शकतो.

म्हणून माझ्या भाचीच्या प्रश्नातला अर्धा भाग त्या पोराचा नाही, बघणाऱ्यांचा आहे. निवड करणारे फक्त चेंडूमागचा कॅमेरा बघत असतील, तर ते झेलाच्या मागे धावणारी मुलंच तयार करतील, आणि मग एका फायनलमध्ये मोकळा राहिलेला फॉरवर्ड बघून चारित्र्यावर भाषण देतील. ज्याच्या हातात निवड आहे, त्याच्यावर नीट बघण्याचं कर्तव्य आहे. कामाच्या ठिकाणी हे आपण फार कमी बोलतो. ‘दिसत राहा’ हे सांगणं सोपं, कारण त्यात बघण्याचा कष्ट दुसऱ्यावर ढकलता येतो.

उरलेला अर्धा भाग पोराचाच. अ‍ॅरिस्टॉटलने सद्गुणांना कसबाच्या रांगेत बसवलं. घरं बांधून गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो, तसंच न्यायाने वागून माणूस न्यायी होतो. बचावपटूच्या बाबतीत हे अगदी शब्दशः खरं आहे. चेंडू डोक्यावर असताना विचाराला वेळ नसतो, हात आधी निर्णय घेतो. आणि तो हात त्या दिवशी तयार होत नाही. तो तयार होतो खालच्या पायरीवर, शनिवारी दुपारी, जेव्हा कुंपणाला टेकून काही शे माणसं आणि एखादा कुत्रा बघत असतो. दोन वर्षं तिथे आकडे वाढवण्यासाठी झेलत राहिलेला मुलगा वर गेला, तर तोच हात घेऊन जाईल. ऐंशी हजार लोकांसमोर तो हात अचानक बदलणार नाही. खालची पायरी नुसती परीक्षा असती तर तिथे हुशारीने वागणं चाललं असतं. पण तिथे माणूस घडतो, त्यामुळे तिथली हुशारी अंगात मुरते.

याचा अर्थ चांगलं वागलं की निवड होतेच असा नाही. दरवर्षी सीझन संपला की क्लब याद्या छाटतात, आणि त्यात जागा न सोडणारी, योग्य वेळी मूठ वळणारी मुलंही जातात. कुणी अर्धा पाऊल हळू असतो, कुणाच्या जागेवर दहा वर्षं न हलणारा खेळाडू बसलेला असतो. वर जाण्याची वाट बहुतेकदा त्याच खेळाडूच्या हॅमस्ट्रिंगमधून जाते, म्हणजे ज्याने सरावात तुम्हाला उभं कसं राहायचं ते शिकवलं त्याच्याच दुखापतीतून. अशा निवडीला न्याय म्हणता येत नाही. तरीही मला वाटतं, काम बिघडवून मिळवलेली जागा आणि काम नीट करून हुकलेली जागा यांत दुसरीचं दुःख निर्मळ आहे. ते कमी असतं असं मात्र मी म्हणणार नाही.

भाचीला मी अखेर फळाची अपेक्षा सोड असं सांगितलं नाही. दोन गोष्टी सांगितल्या. एक, तू न होऊ दिलेले गोंधळ तारीख घालून लिहून ठेव. ते इतरांच्या आकड्यांत येत नाहीत, तर तुझ्या वहीत येऊ देत. दुसरी, जिथे काम करतेस तिथे गोलच्या मागून बघणारा एक तरी माणूस शोध. मॅनेजरच असायला पाहिजे असं नाही. आणि असा कुणीच सापडला नाही, तर ती जागा तुझ्या कामाला लायक आहे का, हा विचार सुरू कर. “आणि हात?” तिने विचारलं. हात मात्र चेंडू बघूनच उचल, म्हटलं.

तो पोरगा अजून खालीच खेळतोय. मागच्या शनिवारी त्याने सात-आठ ठोसे मारले आणि एक मार्क घेतला. तो मार्क सोपा होता. आजूबाजूला कुणीच नव्हतं आणि मूठ वळायची गरज नव्हती.