श्यामला मोठे होऊ द्यावे

साने गुरुजींचे पालगड आमच्या रायगडच्या किनाऱ्यापासून फार दूर नाही. त्यामुळे ‘श्यामची आई’मधील विहीर, अंगण आणि गरिबी आम्हां कोकणवासीयांना घरचीच वाटते. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्या कथेवर चित्रपट काढला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला लाभले. त्यात श्याम झालेला शाळकरी मुलगा म्हणजे माधव वझे.

पुढे वझे यांनी चित्रपटाचा नायक होण्याची वाट धरली नाही. ते पुण्यात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. नाट्यसमीक्षक व दिग्दर्शक म्हणून रंगभूमीशी त्यांनी निष्ठा राखली. उतारवयात ‘थ्री इडियट्स’ (२००९) व ‘डिअर जिंदगी’ (२०१६) यांत ते लहान भूमिकांत दिसले. २०२५ च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा बातम्यांतून त्यांची पहिली ओळख दिली गेली ती ‘श्याम’ हीच. मधली सात दशके जणू पुरवणीत गेली.

बालपणीच्या थोडक्या दिवसांच्या कामाने माणूस जन्मभर बांधला जावा काय? आणि बांधणारे आपण कोण?

लॅटिन भाषेत ‘पर्सोना’ म्हणजे नटाचा मुखवटा. पुढे त्याच शब्दाला ‘व्यक्ती’ हा अर्थ आला. सेमिनरीत हे शिकताना मला तो केवळ शब्दांचा इतिहास वाटला होता. मुखवट्यालाच व्यक्ती समजण्याची चूक किती सहज घडते, हे मला एका मुलाने शिकविले.

फार वर्षांपूर्वी नाताळच्या नाटकात त्याने मेंढपाळाच्या पोराचे काम केले होते. सारे गाव रडले. त्यानंतर सर्वजण त्याला ‘मेंढपाळ’च म्हणू लागले, मीही. तो दहावीला नापास झाला तेव्हा मी त्याला म्हणालो, “त्या मेंढपाळाला हे शोभतं का?” त्याने मान खाली घातली. पुढे तो माझ्या वाटेला फिरकेनासा झाला. अनेक वर्षांनी तो बंदरावर जाळे विणताना भेटला. मी आनंदाने हाक मारली, “काय रे मेंढपाळा!” त्याने शांतपणे विचारले, “फादर, माझं नाव आठवतं का?”

मला ते आठवले नाही.

मी त्याच्यावर प्रेम केले, असे मला वाटत होते. वस्तुतः माझे प्रेम माझ्याच एका सुखद आठवणीवर होते. त्या आठवणीला तडा जाऊ नये, एवढ्यासाठी मी एका जिवंत मुलाकडून सद्वर्तनाची मागणी करीत होतो.

श्यामच्या बाबतीत ही मागणी अधिकच जड होते, कारण श्याम आपल्याला संस्कारांचा आदर्श वाटतो. पण गुरुजींचा श्याम तरी कुठे निर्दोष आहे? तो पोहायला भितो, दडून बसतो, चुकतो. आई त्याला मारून विहिरीकडे पाठविते, ती त्याने भित्रा राहू नये म्हणून. तिला त्याचे बालपण जपून ठेवायचे नव्हते. त्याला मोठे झालेले पाहायचे होते. त्या माउलीसाठी अश्रू ढाळणाऱ्या आम्ही मात्र श्यामला तिथेच, त्याच वयात उभा करून ठेवला.

माधव वझे यांनी तो मुखवटा फेकून दिला नाही आणि त्यात आयुष्यही काढले नाही. वर्गात शिकविणे आणि दुसऱ्यांचे नाटक डोळसपणे पाहणे, या शांत कामांत ते मोठे झाले.

वाचकहो, आपल्या गावातही कुणीतरी असा एखादा ‘श्याम’ असेल. त्याला त्याच्या नावाने हाक मारावी, आणि आज तो काय करतो हे विचारावे. मी त्या दिवशी बंदरावर खाली बसलो आणि त्याचे नाव विचारून घेतले.