सारखं म्हणजे किती सीसी?

वसमत रोडवर नवी गाडी दिसली की आमच्या परभणीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती सीसीची?" मायलेज, किंमत, हप्ता हे सगळं नंतर. सीसी म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये वरखाली होताना जेवढी जागा व्यापतो तिचं माप. सीसी सारखी म्हणजे गाड्या बरोबरीच्या, असं आपण धरून चालतो.

दुकानात मिळणाऱ्या गाड्यांच्या शर्यतींनी मात्र हे कधीच मानलं नाही. १९८८ साली वर्ल्ड सुपरबाइक स्पर्धा सुरू झाली, तेव्हा चार सिलिंडरच्या इंजिनाला ७५० सीसीची मर्यादा होती आणि दोन सिलिंडरच्या इंजिनाला १००० सीसीची. कारण साधं आहे. तेवढीच जागा चार छोट्या सिलिंडरांत वाटली की पिस्टन हलके होतात, इंजिन जास्त वेगाने फिरतं आणि ताकदही जास्त देतं. बरोबरी साधायची तर आकडे वेगळे ठेवावे लागले.

छोट्या गाड्यांच्या सुपरस्पोर्ट ३०० या जागतिक स्पर्धेत तर ३२१ सीसीची यामाहा, ३७३ची केटीएम, ३९९ची कावासाकी आणि ४७१ची होंडा एकाच रांगेत उभ्या राहायच्या. तोल साधायला इंजिनाच्या फेऱ्यांची आणि वजनाची मर्यादा बदलली जायची. २०१८ मध्ये स्पेनची आना कारास्को कावासाकीवर जिंकू लागली, आणि हंगाम चालू असतानाच त्या गाडीच्या फेऱ्या कमी करून किमान वजन वाढवलं गेलं. तरीही ती एका गुणाने जगज्जेती झाली. एकट्याने चालवायच्या मोटरसायकलच्या रोड रेसिंगमध्ये जगज्जेतेपद मिळवणारी ती पहिली स्त्री.

जिंकणाऱ्याच्या पायात धोंडा बांधणं हा न्याय आहे का? मला वाटतं, इथे आहे. ते ओझं कारास्कोवर नव्हतं, त्या मॉडेलवर होतं. तीच गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने ते वाहिलं. यंत्रांमधला फरक जितका पुसला जाईल, तितकं माणसाचं कसब उघडं दिसतं. "गाडीच भारी होती" असं तिच्या त्या एका गुणाबद्दल कुणी म्हणू शकत नाही.

याहून मोलाचा मला होमोलोगेशनचा नियम वाटतो. जी गाडी शर्यतीत उतरवायची, ती ठरावीक संख्येत बनवून सामान्य गिऱ्हाइकालाही विकायची. जिंकण्याचं साधन कारखान्यात लपवून ठेवायचं नाही. कंपन्या यातूनही वाट काढतातच. डुकाटीची रस्त्यावरची पानिगाले व्ही४ आहे ११०३ सीसीची. शर्यतीची मर्यादा १०००, म्हणून त्यांनी ९९८ सीसीची व्ही४ आर वेगळी काढली. केटीएमने सुपरस्पोर्ट ३०० साठी आरसी ३९० आर काढली, साऱ्या जगासाठी फक्त ५००. नियम अक्षरशः पाळला गेला. पण विकत मिळणं आणि हाती लागणं यात अंतर राहिलंच.

ते अंतर परभणीतून नीट दिसतं. साधी आरसी ३९० पुण्याजवळ चाकणला बनते. आमच्या जिल्ह्यातली कितीतरी पोरं पोटासाठी त्याच पट्ट्यातल्या कारखान्यांत जातात. पण रोड रेसिंग शिकायचं तर चेन्नई नाहीतर कोइम्बतूरचा ट्रॅक गाठायचा. गाडीचा प्रवास, लेदर सूट, टायर, प्रवेश फी हे सगळं खिशातून. नियमपुस्तकात सिलिंडरांचा हिशोब आहे, या अंतराचा नाही. मग इथली शर्यत रात्री रस्त्यावर लागते, जिथे पुढे बिनदिव्याची उसाची ट्रॉली असते. तिथे हरणाऱ्याला पुढची फेरी मिळत नाही.

यावर कुणी म्हणेल, ट्रॅकबाहेरचं जग सरळ करणं हे शर्यतीचं काम नाही. कबूल. स्पर्धा परीक्षेबद्दलही आम्हाला हेच ऐकवतात: पेपर सगळ्यांना एकच होता. पण दुकानातल्या गाड्यांच्या या खेळाने दोन गोष्टी मान्य केल्यात. सारखा आकडा म्हणजे बरोबरी नव्हे. आणि तोल गेलेला दिसला तर हंगामाच्या मध्यातही नियम बदलता येतो. एवढं इंजिनासाठी करता येतं, तर गेटपर्यंत न पोचलेल्या पोरासाठी काय करता येईल, हा प्रश्न विचारायला निदान सुरुवात करायला हवी.