प्राध्यापकानें आसन कधीं सोडावें?

विद्यादानाचा व्यवसाय पत्करलेला मनुष्य तो सोडण्याचा विचार करूं लागला कीं समाज त्यास दोहोंपैकीं एक नांव देतो : लोभी किंवा भित्रा. या दोहोंत न बसणारें तिसरें कारण असूं शकतें काय, याचा येथें विचार करावयाचा आहे.

अशा प्रसंगीं पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचें उदाहरण पुढें ठेवण्यांत येतें. १८८४ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेच्या आजीव सभासदांनीं अल्प वेतनावर वीस वर्षें शिकविण्याचें बंधन आपण होऊन पत्करलें. पण सभासदांनीं बाहेरचें अर्थार्जन व बाहेरचीं कामें करावीं कीं नाहीं, यावरून त्यांच्यांतच तीव्र मतभेद झाले आणि १८९० सालीं टिळकांनीं राजीनामा दिला. आगरकर मात्र राहिले. १८९२ सालीं ते फर्ग्युसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले व १८९५ सालीं त्यांचा अंत झाला. एकानें आसन सोडलें, दुसऱ्यानें सोडलें नाहीं. तथापि दोघांपैकीं कोणासही लोभी वा भित्रा म्हणण्यास कोणी धजणार नाहीं. अर्थात् राहणें किंवा जाणें हें स्वतः पुण्य नव्हे आणि पापही नव्हे.

या उदाहरणांतून आजच्या प्राध्यापकास त्यागाचा उपदेश करणारे एक गोष्ट विसरतात. त्या मंडळींनीं आपलें वेतन आपणच ठरविलें होतें, आणि संस्थेचा कारभारही त्यांच्याच हातीं होता. आज महाराष्ट्रांत तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक घेतलेल्या तासांपुरतेंच वेतन घेतो. सुटींत त्याची मिळकत थांबते आणि पुढील वर्षीं नेमणूक होईलच असा भरंवसा नसतो. हा त्याग नव्हे. त्याग स्वतः करावयाचा असतो. दुसऱ्याकडून करविलेल्या त्यागास नाडणूक म्हणतात.

ज्यांस कायम जागा लाभली त्यांचें दुःख वेगळें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनीं अध्यापकाच्या कामास गुण देण्याची पद्धति आणली. २०१८ सालीं ती पुष्कळशी बदलली. परंतु जें मोजतां येतें तेंच काम, ही वृत्ति मागें राहिली. निबंध किती छापले, तें मोजतां येतें. एखाद्या बुजऱ्या मुलाच्या मनांत शंका विचारण्याचें धैर्य कसें आलें, तें कोणत्या रकान्यांत लिहावें?

यावर एक आक्षेप वजनदार आहे. चांगले अध्यापक गेले तर विद्यार्थ्यांचें काय? संस्थेचा अपराध आणि शिक्षा मात्र निरपराध मुलांस, हा न्याय कसला? हें मान्य करावेंच लागेल. म्हणून वर्ष अर्ध्यावर टाकून जाणें केव्हांही गैरच. पण ज्याचें वाचन थांबलें आहे, जो पिवळ्या पडलेल्या टिपणांवरून तास उरकतो आणि केवळ सवयीनें राहतो, तोही विद्यार्थ्यांस सोडूनच गेलेला असतो. फक्त हजेरीपटावर त्याची सही असते.

तेव्हां प्रश्न वेतनाचा आहेच, पण शेवटचा प्रश्न तो नव्हे. या जागेवर राहून मला शिकवितां येतें काय, आणि येत नसल्यास परिस्थिति पालटण्याचा प्रामाणिक यत्न मी केला आहे काय, हे दोन प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावे. पहिल्याचें उत्तर नकारार्थी व दुसऱ्याचें होकारार्थी असेल, तर त्यानें खुशाल जावें. त्याच्या जाण्याचा जाब समाजानें त्यास विचारूं नये. ती जागा कोणीं पोकळ केली, हें शोधावें.