कुवत लपवण्यात चुकतं काय?

टीम रोपिंग हा अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गुराख्यांच्या रोजच्या कामातून जन्मलेला खेळ. दोन घोडेस्वार आणि पुढे सुसाट सुटलेला एक गोऱ्हा. हेडर त्याच्या शिंगांत फास टाकतो, दोर खोगिराच्या खुंट्याला गुंडाळून त्याला डावीकडे वळवतो आणि मागून येणारा हीलर त्याचे मागचे दोन्ही पाय धरतो. एकच पाय सापडला तर पाच सेकंदांचा दंड. अव्वल व्यावसायिक जोड्या हे सगळं चार-पाच सेकंदांत उरकतात. सुट्टीच्या दिवशी दोर हातात घेणाऱ्या हौशी माणसाची आणि त्यांची बरोबरी होणं शक्यच नाही. १९९० मध्ये डेनी जेन्ट्री यांनी ‘युनायटेड स्टेट्स टीम रोपिंग चॅम्पियनशिप्स’ सुरू केली आणि या विषमतेवर उपाय म्हणून प्रत्येकाला कुवतीचा आकडा देण्याची पद्धत रुजवली. नवशिक्याचा आकडा लहान, कसलेल्याचा मोठा, आणि स्पर्धेला जोडीच्या बेरजेची मर्यादा. दहाच्या स्पर्धेत सहाचा हेडर चारच्या हीलरला घेऊन उतरू शकतो, पाचच्या नाही. खेळ त्यामुळे सामान्यांसाठी खुला झाला, बक्षिसांच्या रकमा फुगल्या आणि त्यांच्या पाठोपाठ एक दुखणंही आलं. काही जण किरकोळ स्पर्धांत मुद्दाम फास हुकवतात, आकडा खाली राखतात आणि मोठ्या बक्षिसाच्या दिवशी खरं कसब बाहेर काढतात. असा माणूस तोंडाने एक शब्दही खोटा बोललेला नसतो, आणि फास हुकणं तर खेळात नेहमीचंच. मग तो नेमकं काय चुकतो?

उत्तर शोधायचं तर हा आकडा काय मोजतो ते आधी पाहायला हवं. एकाच माणसाला हेडर म्हणून एक आणि हीलर म्हणून दुसरा आकडा असू शकतो. म्हणजे मोजमाप माणसाचं नसून त्याच्या एका विशिष्ट कामाचं आहे. तेही सोपं नाही. गोऱ्हा कसा वाट्याला येतो हे नशीब, आणि हेडरचा फास हुकला तर हीलरला हात उगारण्याचीही संधी मिळत नाही. एका फेरीवरून काहीच कळत नाही, म्हणून अनेक स्पर्धांतली कामगिरी पाहून अंदाज बांधावा लागतो. माणसाला आकड्यात कोंबणं अमानुष आहे, या आक्षेपाला मला इथे उत्तर सापडतं. आपल्या परंपरेनेही साधकाची तयारी पाहून त्याचा अधिकार ठरवला होता. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट झालं ते अधिकार जन्मावर ठरू लागला तेव्हा, कारण मग माणसाने काहीही करून दाखवलं तरी निवाडा बदलण्याची सोय उरली नाही. रोपिंगचा आकडा बदलतो, वर जातो, खालीही येतो. पण तो बदलतो तो खेळाडूच्या कृतीवर विसंबून. कृतीच खोटी असेल तर पद्धतीला दुसरे डोळेच नाहीत.

या खेळाचा प्रदेश ख्रिस्ती श्रद्धेचा आहे. टेक्साससारख्या राज्यांत ‘काउबॉय चर्च’ आहेत आणि त्यांतल्या कित्येकांच्या आवारात रोपिंगचं रिंगणही असतं. तिथल्या भाविकांना मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातला दृष्टांत ठाऊक असणारच. धनी परदेशी जाताना चाकरांकडे आपली संपत्ती सोपवतो: एकाला पाच तालंत, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. पहिले दोघे रक्कम दुप्पट करतात, तिसरा ती जमिनीत पुरून ठेवतो. प्रवचनांत भर बहुधा तिसऱ्याच्या शिक्षेवर असतो, पण मला दुसरा चाकर महत्त्वाचा वाटतो. दोनाचे चार करणाऱ्याची धनी त्याच शब्दांत वाहवा करतो, ज्या शब्दांत पाचाचे दहा करणाऱ्याची केली. कुवत कमी म्हणून मान कमी नाही. आकड्यांच्या पद्धतीमागचा न्यायविचार हाच आहे: चारच्या खेळाडूने चारच्या ताकदीने जिंकलेला डाव पूर्ण मानाचा डाव असतो. कुवत लपवणारा हा मान चोरतो. तिसरा चाकर निदान भीतीने वागला होता आणि त्याचं नुकसान त्याच्यापुरतं राहिलं. मुद्दाम हुकणारा मात्र पुरलेलं धन योग्य दिवशी उकरून दोन तालंतवाल्याच्या वाट्याचं उचलून नेतो.

यावर कुणी म्हणेल, कसब माझं, मेहनत माझी, ते कुठे खर्च करायचं ते मी ठरवणार. तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने १९७४ मध्ये व्यक्तीच्या हक्कांची जी कडवी बाजू मांडली, तिच्याजवळ जाणारा हा युक्तिवाद आहे आणि त्यात तथ्य आहे. रोज जीव तोडून खेळण्याचं कर्तव्य कुणावर लादता येत नाही. थकलेला, कंटाळलेला, घोडा राखून खेळणारा माणूस खोटारडा ठरत नाही. फरक हेतूत आहे. हा माणूस नुसता कमी खेळत नाही, तर आपल्याबद्दल इतरांचा चुकीचा समज होईल अशी तजवीज करतो आणि त्याच समजावर पैसे कमावतो. कांटची कसोटी इथे चपखल बसते: सगळ्यांनीच कुवत लपवली तर आकड्याला अर्थ उरणार नाही आणि लपवण्यातला फायदाही नाहीसा होईल. त्याची लबाडी इतरांच्या प्रामाणिकपणावर पोसली जाते. ‘आपल्या स्वतःच्या वस्तूचा वापर’ हा बचाव म्हणूनच तोकडा पडतो.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. जो सुधारतो त्याचा आकडा वाढतो, म्हणजे मेहनतीचं बक्षीस म्हणून वाट अवघड होते. वर्षानुवर्षं सराव करून पाचचा सहा झालेल्या माणसाला कालची जोडी सोडावी लागते, कारण बेरीज आता बसत नाही. हा तोटा खरा आहे आणि पद्धतीच्या समर्थकांनी तो नाकारू नये. तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ मध्ये म्हटलं होतं की उपजत गुण कुणी कमावलेले नसतात. पण गुरांच्या गोठ्यामागे लाकडी सांगाड्यावर रोज दोर फेकणाऱ्याला हे उत्तर पुरणार नाही, त्याने तर कमावलंय. त्याला एवढंच सांगता येईल की वाढलेला आकडा दंड म्हणून दिलेला नाही, तो त्याच्याबद्दलचं खरं विधान आहे. आणि तो चारचा असताना ज्यांनी आपला सहा आकडा न लपवता त्याच्यासाठी जागा राखली, त्यांचं तो देणं लागतो. संयोजकांची जबाबदारीही इथूनच सुरू होते. एका नशीबवान शनिवारच्या बळावर आकडा चढवायचा आणि वय झालेल्या, गुडघे गेलेल्या माणसाने तो उतरवण्याची विनंती केली की संशयाने पाहायचं, असं चाललं तर प्रामाणिक माणसालाही लपवाछपवी शहाणपणाची वाटू लागेल.