वाटेवरचे स्थान आणि वाटसरू

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील ऋद्धिपूर ही महानुभावांची काशी होय. पूर्वी साधक अटन करीत पायी येथे येत. आता सहलीस निघालेले एखादे कुटुंब रस्त्यावरील फलक पाहून गाडी वळविते, राजमठापुढे क्षणभर उभे राहते, छायाचित्रे घेते आणि पुढील गावी निघून जाते. या मंडळींना स्थानसंबंध घडला काय?

घडला नाही, असे उत्तर चटकन ओठी येते, आणि त्याला आधारही आहे. स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक यांचे महत्त्व परमेश्वर अवताराच्या संबंधामुळे. पाषाणास स्वतःचे सामर्थ्य नाही. ज्यास लीळा ठाऊक नाही, त्याला ओटा म्हणजे दगड-चुन्याचे बांधकाम एवढेच. चौदाव्या शतकातील स्थानपोथीने स्थानांच्या दिशा व खुणा इतक्या काटेकोरपणे नोंदविल्या त्या याचसाठी. श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना विचारून लीळा मिळविल्या आणि याच ऋद्धिपुरी त्यांचा ग्रंथ सिद्ध केला. ज्ञानासाठी केलेले ते हिंडणे आणि गाडी वळविणे यांत अंतर आहेच.

परंतु ही भूमी कोणाची? श्रीगोविंदप्रभूंची. लोक ज्यांना वेडे म्हणत, ते राऊळ कोणत्याही घरी शिरत. मातंगांचे घरही त्यांना वर्ज्य नव्हते. समोरच्याची योग्यता त्यांनी विचारली नाही. त्यांच्याच दारात उभे राहून आलेल्याचा अधिकार तपासणे हे त्या स्थानाला साजेसे कसे म्हणावे? तहान नसलेला मनुष्य विहिरीवर आला तर त्याने पाणी प्यायले नाही हे खरे. पण विहिरीची वाट त्याला कळली.

शिवाय वाटसरूचे अज्ञान सर्वस्वी त्याचे नव्हे. पंथाचे ग्रंथ कित्येक शतके सकळ लिपीच्या कुलपात होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते बाहेरच्या अभ्यासकांना उलगडू लागले. रक्षणासाठी घातलेले कुलूप ते, त्यास दोष देण्याचे कारण नाही. मात्र ज्याला सांगितलेच नाही, त्याला ‘तुला कळत नाही’ म्हणून हिणविणे न्यायाचे नाही.

याहून अवघड प्रश्न मठवासीयांचा आहे. भिक्षूला अटन सांगितले ते एका जागी आसक्ती जडू नये म्हणून. स्थानाशेजारी वर्षानुवर्षे राहता राहता स्थानच दिसेनासे होते. नित्याचे दंडवत हातापायांना पाठ होतात, आणि लीळा आठवत नाही. वाटसरू अनोळखी म्हणून रिकामा परततो, निवासी सवयीमुळे रिकामा राहतो. या दोघांत अधिक दोषी कोण, याचा निवाडा मठातच व्हावा.

गाडीतून उतरलेले एखादे पोर ओट्याकडे बोट दाखवून विचारते, ‘इथे काय झालं होतं?’ आईवडिलांना उत्तर येत नाही. ते इकडेतिकडे पाहतात. अशा वेळी उंबऱ्यात बसलेल्या भिक्षूने स्मरणातून डोळे उघडावेत आणि पोराला जवळ बसवून त्या जागेची लीळा सांगावी. गाडी सुरू होण्याच्या आत ती सहज सांगून होते.